काळ्या वाळूपासून अलिबागेपर्यंत

रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवी, नेवरे, मालगुंड अशी जी किनाऱ्याची ओळ लागते, तिथल्या पुळणीवर पावसाळा सरता सरता काळे पट्टे उमटलेले दिसतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ते बोटीतून सांडलेल्या तेलाचे डाग वाटतात, आणि तसे वाटण्यात त्यांचा दोष नाही, कारण तेलाचे गोळेही आपल्या किनाऱ्याला खरोखरच लागतात. हे पट्टे मात्र वाळूचेच असतात. लाट वर चढताना सगळ्या जातींचे कण घेऊन येते. उतरताना तिचा जोर कमी पडतो, म्हणून गारगोटीची हलकी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा ती परत नेते आणि जड कण मागे ठेवते. गारगोटी पाण्याच्या अडीच पटींहून थोडी अधिक जड असते, तर हे काळे कण साडेचार ते पाच पट. एवढ्याशा फरकावर समुद्राची निवड अखंड चालू असते.

या पट्ट्यांवरून चुंबक फिरवण्याचा उद्योग आमच्याकडची मुले नेहमीच करत आली आहेत. बंद पडलेल्या स्पीकरच्या पाठीमागचे जाड, काळे, मध्ये भोक असलेले चुंबक त्यासाठी उत्तम. ते उघडे फिरवू नये, कारण एकदा चिकटलेले बारीक कण नखाने खरवडूनही निघत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवावे आणि काम झाले की चुंबक पिशवीतून वर काढून घ्यावे, म्हणजे वाळू आपोआप गळून पडते. पिशवी वाळूपासून बोटभर अंतरावर आली की पहिले कण टुणकन उडी मारतात, आणि पाहता पाहता चकतीवर काळे राठ केस उभे राहतात. सपाट तोंडावर ते ताठ असतात, कडेशी आले की बाहेर झुकतात आणि बाजूवर आडवे होऊन पलीकडच्या तोंडाकडे वळतात. त्यातला एखादा केस काडीने ढकलून शेजारच्याजवळ नेला, तर शेजारचा दूर सरकतो. कण एकापुढे एक असे साखळीने लागलेले असतात, प्रत्येक कण तेवढ्या वेळेपुरता स्वतःच लहानसा चुंबक झालेला असतो, आणि एका तोंडावरच्या सगळ्या साखळ्यांची बाहेरची टोके एकाच जातीचे ध्रुव असल्यामुळे ती एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. बलरेषांची जी आकृती पुस्तकात कागदावर सपाट काढलेली असते, ती इथे लांबी, रुंदी आणि उंचीसकट बघायला मिळते.

पिशवीतून गळलेल्या ढिगापेक्षा मला नेहमी चुंबकाने न उचललेल्या वाळूचे कुतूहल अधिक वाटते. तीही पुष्कळशी काळीच असते. उचलले गेलेले कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे असतात आणि त्यात थोडेफार टायटॅनियम मिसळलेले असते. मागे राहिलेल्या काळ्या कणांत बराचसा इल्मेनाइट असतो. रत्नागिरीच्या वाळूची भूशास्त्रज्ञांनी दखल घेतली ती या इल्मेनाइटमुळेच. त्यातल्या टायटॅनियमपासून रंगाच्या कारखान्यांना लागणारी पांढरी भुकटी तयार होते, म्हणजे घराच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीचे मूळ अशा काळ्याकुट्ट वाळूत असू शकते. इल्मेनाइटमध्येही लोखंड आहे, पण स्पीकरच्या चुंबकाला तो फारशी दाद देत नाही. त्याला वेगळे काढायला कितीतरी अधिक जोरदार चुंबक लावावे लागतात. तिसरा नमुना कोकणात कुठेही मिळतो. चिरेखाणीत जांभ्याचा चिरा कापताना जी तांबडी भुकटी उडते, तिचा रंगच मुळी लोखंडाचा, हेमॅटाइट आणि गोएथाइट या लोहखनिजांचा असतो. तिच्यावरून चुंबक फिरवला तर चिमूटभर कण वर येतात आणि बाकीची लाल धूळ ढिम्म हलत नाही.

लोखंड तिन्ही ठिकाणी आहे, मग वागणूक वेगळी का? प्रत्येक इलेक्ट्रॉन हा जन्मतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात, जोडीतल्या दोघांची तोंडे उलटसुलट असतात आणि हिशेब शून्यावर येतो. लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात, म्हणून त्या अणूला स्वतःचे चुंबकत्व असते. पण अणू एकटा नसतो, आणि शेजाऱ्यांनी कुठे तोंड करायचे हे स्फटिकाची रचना ठरवते. शुद्ध लोखंडात शेजारी अणू एकाच दिशेला राहतात. हेमॅटाइटमध्ये एका थरातले अणू एकीकडे, तर लगतच्या थरातले जवळजवळ नेमके उलटे, त्यामुळे अणू चुंबकीय असूनही पदार्थाच्या पदरात फारसे काही पडत नाही. मॅग्नेटाइटमध्येही दोन गट परस्परविरुद्ध उभे असतात, पण ते सारख्या बळाचे नसतात, आणि त्यांच्या वजाबाकीतून जे उरते त्यावर आपली पिशवी केसाळ होते. हा वजाबाकीचा उलगडा फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४८ साली केला. त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. इल्मेनाइटच्या बाबतीत आपल्या हवेतली साधी उष्णताच एवढी असते की तिथे कोणतीच शिस्त टिकत नाही. म्हणजे लोखंड किती आहे याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणाचे तोंड कुठे आहे याला महत्त्व असते.

खिळा लोखंडाचाच असतो, तरी तो टाचण्या उचलत नाही, ही शंका मुले हमखास विचारतात. पिएर वाइस यांनी १९०७ साली दिलेले उत्तर आजही तेच आहे. खिळ्याच्या आत लहान लहान प्रदेश असतात, प्रत्येक प्रदेशात सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, पण प्रदेशाप्रदेशांची दिशा निरनिराळी असते. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेचे प्रदेश शेजाऱ्यांची जागा बळकावून वाढतात आणि खिळा तात्पुरता चुंबक होतो. पोलादात या सीमा सहजी मागे सरत नाहीत, म्हणून चुंबकावर घासलेली शिवणाची सुई चुंबक होऊन राहते. चुंबकाचे दोन तुकडे केले की एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण ध्रुव असे सुटे का मिळत नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. ध्रुव म्हणून काही वस्तू टोकाशी साठवलेली नसते. आतले सगळे अणू दोन तोंडांचे असतात, कुठेही तोडले तरी नवी दोन टोके उघडी पडतात.

वर्गात इतकी वर्षे भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे माझी एक तक्रार आहे. आपण चुंबकाची ओळख ओढण्यापासून करून देतो. चुंबक टाचणी ओढतो, लोखंडाचा कीस ओढतो, विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. मुलांच्या मनात चुंबक म्हणजे ओढणारा असे एकदा बसले की पुढचे सगळे अवघड होते. चुंबकीय क्षेत्राचे पहिले आणि खरे काम वळवण्याचे आहे. ओढणे त्यातून निघते, तेही काही अटींवर.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यावे, चुंबकावर एकाच दिशेने घासलेली सुई थर्मोकोलच्या पातळ चकतीवर आडवी ठेवून ती पाण्यावर सोडावी, आणि आसपास लोखंडाचे काही नाही याची खात्री करावी. सुई चकतीसकट फिरते, थोडी पुढे जाते, मागे येते, पुन्हा थोडी पुढे जाते, आणि उत्तर-दक्षिण रेषेवर स्थिरावते. मग वाट पाहावी. ती उत्तरेकडे चालू लागत नाही. कधी कधी चकती काठाला जाऊन चिकटते, पण ती जो काठ जवळ असेल त्याला चिकटते आणि तो पाण्याच्या पृष्ठताणाचा खेळ असतो. पृथ्वी त्या सुईला वळवते, पण इंचभरही ओढत नाही. लंडनमध्ये होकायंत्रे बनवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मन यांनी १५८१ साली हीच गोष्ट नोंदवली. तारेत ओवलेला बुचाचा तुकडा असा कातरत न्यायचा, की सुईसकट तो पाण्यात ना बुडेल ना तरंगेल, आणि मग ती सुई कोणीकडे सरकते का ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. ती वळली, पण कुठेही गेली नाही.

कारण सरळ आहे. सुईच्या एका टोकावर उत्तरेकडे जेवढे बल लागते, तेवढेच दुसऱ्या टोकावर दक्षिणेकडे लागते, कारण सुईच्या लांबीएवढ्या अंतरात पृथ्वीचे क्षेत्र जवळपास बदलतच नाही. दोन्ही बले एकमेकांना खोडून टाकतात आणि उरते ते फक्त फिरवणे. भरतीच्या वेळी खाडीत नांगरलेल्या होड्या पाहिल्या तर त्या सगळ्यांची तोंडे एकीकडे वळलेली दिसतात. सुईचेही तसेच होते, मात्र तिला जागेवर धरून ठेवायला नांगराचीही गरज लागत नाही. आता टबाजवळ स्पीकरचा चुंबक आणला की सुई वळते आणि चुंबकाकडे धावतही येते. चुंबकाजवळचे क्षेत्र झपाट्याने बदलते, सुईच्या जवळच्या टोकावर ते जास्त आणि लांबच्या टोकावर कमी असते, आणि या फरकालाच आपण ओढ म्हणतो. चुंबकापासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठवा हिस्साच उरते, आणि ओढ त्याहूनही झपाट्याने घटते. म्हणूनच पुळणीवरचा कण बोटभर अंतरापर्यंत स्वस्थ पडलेला असतो आणि त्यानंतर एकदम उडी मारतो. स्पीकरच्या चुंबकाच्या तोंडाशी असलेले क्षेत्र आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजार पटींहूनही अधिक असते, पण पृथ्वीचे क्षेत्र जोरदार असते तरी ते असे सपाट असल्यामुळे सुईला ओढू शकले नसते, फक्त अधिक त्वरेने वळवले असते.

याच नॉर्मन यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. चुंबकीय करण्यापूर्वी नेमकी मध्यावर तोललेली सुई चुंबकीय केल्यावर आडवी राहत नाही, तिचे उत्तरेचे टोक खाली झुकते. लंडनमध्ये त्यांनी हा झुकाव सुमारे ७२ अंश मोजला. आपल्या अलिबागला तो साधारण २५ अंश आहे, दक्षिणेकडे जावे तसा कमी होतो आणि कन्याकुमारीच्या आसपास जवळजवळ शून्यावर येतो. शास्त्रात याला नती म्हणतात. होकायंत्र उत्तर दाखवते, हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. क्षेत्राची रेषा आपल्या पायाखालच्या जमिनीत तिरकी घुसत असते, आणि आडव्या फिरणाऱ्या सुईला आपण तिचा फक्त आडवा भाग दाखवू देतो. युरोपसाठी तोललेले होकायंत्र इकडे आणले की त्याची सुई कलते आणि तबकडीला घासते, म्हणून चांगले कारखाने पृथ्वीच्या निरनिराळ्या पट्ट्यांसाठी निरनिराळ्या तोलाच्या सुया बनवतात. दुसऱ्या बाबतीत मात्र कोकण सुदैवी आहे. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यातला फरक, म्हणजे दिक्पात, जगात काही ठिकाणी वीस-पंचवीस अंशांचा असतो. आपल्या किनाऱ्यावर तो सध्या एका अंशाच्याही आत आहे. आमच्या तांडेलांना कोष्टके पाठ करावी लागली नाहीत, याचे थोडे श्रेय या योगायोगालाही द्यायला हवे.

त्यांना त्रास होतो तो घरातल्याच लोखंडाचा. मिरकरवाड्याच्या एका जुन्या तांडेलांनी मला बजावले होते, "बाई, होक्याशेजारी कोयता ठेवलात तर बंदर चुकेल." कोयता हे उदाहरण झाले. मचव्याचे डिझेल इंजिन, बॅटरीची तार, गाणी ऐकायला लावलेला स्पीकर, प्रत्येकाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळते आणि सुई त्या बेरजेकडे वळते. तिला पृथ्वी कोणती आणि स्पीकर कोणता हे कळण्याचा मार्गच नसतो. लोखंडी जहाजावर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे गोळे आणि खाली लहान चुंबक बसवून हा घोळ निस्तरतात. आता होड्यांवर जीपीएस आले आहे आणि होका बहुधा कोपऱ्यात असतो, पण खिशातला मोबाईल तीच कटकट वेगळ्या रीतीने सोडवतो. हातात धरून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, असे तो सांगतो त्याचे कारण हेच. फोनच्या स्वतःच्या स्पीकरचे क्षेत्र फोनबरोबर फिरते, पृथ्वीचे जागेवर राहते, आणि असे सगळीकडे तोंड करून झाले की फोन पहिले वजा करू शकतो.

बॅटरीच्या तारेचा उल्लेख ओघात झाला, पण १८२० सालापर्यंत तारेचा आणि चुंबकाचा संबंध कोणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी वीज वाहत्या तारेजवळची सुई हललेली पाहिली. आमच्या प्रयोगशाळेत एक सेल, हातभर तार आणि होकायंत्र एवढ्यावर हा प्रयोग होतो, आणि तार सुईच्या वरून नेली की सुई इकडे आणि खालून नेली की तिकडे वळते हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. सुई तारेकडे ओढली जात नाही, ती तारेला आडवी होऊ पाहते. क्षेत्र तारेभोवती वेढा घालून असते. चुंबकीय क्षेत्रातून धावणाऱ्या विद्युतभारित कणाचेही असेच होते. त्याच्यावरचे बल नेहमी त्याच्या वाटेला काटकोनात असते, त्यामुळे त्याचा वेग वाढत नाही की घटत नाही, फक्त वाट वळते. ज्यांच्या घरी पूर्वी काचेच्या जाड नळीचा रंगीत टीव्ही होता, त्यांनी त्यावर चुंबक धरून हिरवे-जांभळे डाग पाडले असतील आणि त्याबद्दल मारही खाल्ला असेल. पडद्याकडे धावणारे इलेक्ट्रॉन वळून भलत्याच ठिपक्यावर पडत असत.

पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली सांगितले. ते खरे आहे, पण तिच्या पोटात लोखंडाची कांब असल्याचे चित्र खोटे आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातल्या अणूंची शिस्त मोडते आणि ते चुंबक राहत नाही. पृथ्वीच्या पोटात त्याच्या कितीतरी पट तापमान आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा जो समुद्र सुरू होतो, त्याच्या घुसळणीतून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि ओर्स्टेडच्या तारेप्रमाणे ते क्षेत्र उभे करतात. प्रवाहांनी उभे राहिलेले असल्यामुळे ते स्थिर नाही. ते सावकाश सरकते आणि कधी कधी पार उलटेही होते. असे शेवटचे उलटणे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाले.

ही उलटापालट पाहायला कोकणातून घाट चढला तरी पुरे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेला लाव्हा. त्यातले मॅग्नेटाइटचे कण ६०० अंशांच्या खाली निवत आले तेव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यांत कायमची उतरली. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी या दगडांचे नमुने कापून ती दिशा मोजली. बहुतेक थरांची सुई उत्तरेऐवजी दक्षिण-आग्नेयेकडे रोखलेली निघाली, म्हणजे ते थर क्षेत्र उलटे असण्याच्या काळात निवाले होते. नतीवरून हिशेब केला तेव्हा हा लाव्हा वाहत असताना इथली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर असायला हवी, असे उत्तर आले. भारत उत्तरेकडे सरकत आला आहे, याचे हे अगदी सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांपैकी एक. त्याच कातळाची झीज होऊन नद्यांवाटे जे कण समुद्राला मिळाले, तीच आमची काळी वाळू. वाटेत गडगडल्यामुळे त्यांची जुनी दिशा अर्थातच हरवली.

काळा कातळ चुंबकीय असतो, याचा व्यवहारात उपद्रवही होतो. त्याला टेकवून होकायंत्र धरले तर सुई अंश-दोन अंश आणि कधी त्याहूनही अधिक बहकते. वीज पडलेला कातळ असेल तर काही विचारायलाच नको. गडावर भूशास्त्राचे विद्यार्थी होकायंत्र छातीशी धरून कड्यापासून हातभर मागे उभे राहतात ते यासाठी. आणि यामुळेच अलिबागच्या समुद्रकाठी एक इमारत अशी आहे की जिच्यासाठी दगड थेट पोरबंदरहून आणावा लागला.

ती गोष्ट मुंबईत सुरू होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामला लागणारा वीजप्रवाह एकाच दिशेने वाहणारा होता आणि तो रुळांवाटे परतताना थोडा जमिनीतही झिरपत असे. त्याच्या क्षेत्रापुढे वेधशाळेच्या नाजूक नोंदी मातीमोल झाल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी पर्यायी जागा शोधून अलिबाग निवडले. मुंबईपासून तीसेक किलोमीटर दक्षिणेला, मध्ये समुद्र, आणि रेल्वेचा मागमूस नाही. बांधकामाला शेजारचा काळा दगड चालणार नव्हता, कारण भिंतच चुंबक ठरली असती, म्हणून पोरबंदरचा अचुंबकीय दगड आला. १९०४ साली अलिबागेत नोंदी सुरू झाल्या. मूस यांचा खरा शहाणपणा मला यात दिसतो की त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, दोन जागांमधला फरक काढला, आणि मगच १९०६ साली कुलाब्याची मालिका थांबवली. विजेची ट्राम १९०७ साली धावली. या दोन वर्षांमुळे कुलाबा आणि अलिबाग मिळून एकच अखंड मालिका झाली, आणि एवढ्या लांबीच्या मालिका जगात मोजक्याच आहेत. अलिबागहून आलास का, असे भोळसटपणाबद्दल हिणवणाऱ्यांनी हे एकदा वाचायला हवे. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

तिथे रोज काय दिसते? नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजण्याचे एकक. अलिबागचे एकूण क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला आहे, आणि ते दिवसभरही स्थिर नसते. सूर्य वर येतो तसे शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या विरळ, विद्युतभारित हवेत प्रवाह सुरू होतात, क्षेत्राचा आडवा भाग दुपारपर्यंत काही दशक नॅनोटेस्लांनी वाढतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. हजारात एखाद्या भागाचा हा बदल टिपायचा तर भिंतीतला एक लोखंडी खिळादेखील परवडत नाही. सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि तिथले कण पृथ्वीच्या क्षेत्राशी भिडले, तर उतार शेकड्यांत जातो. मे २०२४ मध्ये अशाच एका वादळात लडाखच्या हानले इथे आकाश लाल दिसले. कोकणात आकाशात काहीही दिसले नाही. इतक्या दक्षिणेला अशी वादळे सुयांनाच कळतात.

सर्वात मोठी नोंद मात्र कुलाब्याची आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर लखलखाट पाहिला आणि सतरा-अठरा तासांत त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. कुलाब्यात त्या काळी क्षेत्राचा आडवा भाग मोजायला दोन धाग्यांवर टांगलेला चुंबक वापरत. धाग्यांना पीळ देऊन चुंबक मुद्दाम आडवा, पूर्व-पश्चिम ठेवायचा. एकीकडे धाग्यांचा पीळ आणि दुसरीकडे पृथ्वी यांच्या रस्सीखेचीत तो तोलून राहतो, आणि क्षेत्र जरासे क्षीण झाले की पिळाच्या बाजूला वळतो. म्हणजे क्षेत्राचा जोरसुद्धा शेवटी वळण्यातूनच मोजायचा. एरवी तासातासाने घेतले जाणारे वाचन गडबड दिसताच काही मिनिटांच्या अंतराने घेण्याचा तिथे शिरस्ता होता, आणि २ सप्टेंबरला निरीक्षकांनी तो पाळला. आकडा सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. २००३ साली भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ही वाचने पुन्हा तपासून त्या वादळाचा जोर ठरवला. इंग्लंडमध्ये तेव्हा चुंबकाच्या आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवत असे, मुंबईच्या पद्धतीच्या मानाने ते कितीतरी आधुनिक होते. पण त्या दिवशी चुंबक इतका वळला की ठिपका कागदाबाहेर निघून गेला, आणि वादळ किती खोल होते हे सांगायला कुलाब्याच्या वहीत हाताने लिहिलेले आकडे कामी आले.